पाण्याची पथरी, तेलाची पथरी

माझ्या खुर्चीत बसून आजवर माझ्याशी कोणी भांडलेलं नाही. गळ्यावर वस्तरा असला की माणूस फार समंजस होतो. मालवणच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान. तिथे मी खलाशी, मास्तर, कारकून, नवरदेव आणि एकदा तर एक फौजदार, अशा सगळ्यांच्या माना मागे टेकवल्या आणि राजकारणापासून बांगड्याच्या भावापर्यंत हवी ती मतं त्यांना ऐकवली. कोणाचा विरोध झाला नाही. सभा गाजवणाऱ्यांना हे सुख माहीत नसतं.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर मित्रांनी सांगितलं, गिऱ्हाइकांच्या गमती लिही. लिहितो. पण न्हाव्याला गिऱ्हाईक वस्तऱ्यामुळे मिळतं, आणि वस्तऱ्याला धार पथरीमुळे मिळते. म्हणून सुरुवात पथरीपासून. पथरी म्हणजे वस्तऱ्याला धार लावायचा दगड. डॉक्टर काढतात ती वेगळी, आम्ही जपतो ती वेगळी.

लोकांना वाटतं, धार लावणं म्हणजे घासणं. कोयता घासतात, विळा घासतात. वस्तरा घासला तर मेला. तो पथरीवर आडवा झोपवायचा, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या. मग धार पुढे ठेवून सरकवायचा, जणू दगडाचा पापुद्रा सोलून काढायचा आहे. टोकाला गेला की पाठीवरून कूस बदलायची आणि तसाच परत आणायचा. कूस धारेवरून बदललीत तर केलेलं सगळं पाण्यात. जोर द्यायचा नाही. वस्तऱ्याला त्याचं स्वतःचं वजन पुरतं. शिकाऊ पोरांचं चुकतं ते इथेच, जोर लावल्याशिवाय काम झालं असं त्यांना वाटत नाही.

त्यानंतर चामड्याचा पट्टा. तिथे सगळं उलट. दगडावर धार पुढे, पट्ट्यावर पाठ पुढे. विसरलात तर पट्टा कापला जातो आणि वडिलांची शिवी खावी लागते.

आणि धार झाली हे ओळखायचं कसं? वस्तरा उजेडात उभा धरायचा. धारेवर पांढरी रेघ चमकली तर समजायचं, बोथट आहे, उजेडाला बसायला जागा मिळाली. खरी धार दिसत नाही. ती अंगठ्याच्या ओल्या नखावर ठेवून पाहायची. नखाने वस्तऱ्याला किंचित धरायचं आणि सोडायचं, मुठीपासून टोकापर्यंत एकसारखं. मध्येच उडी मारली तर तिथे खाच. आणि फार घासलात तर धार उलटते, केसाएवढी बारीक तार तिच्या कडेला लोंबते. ही तार गालाला सगळ्यात वाईट. नखाला ती एका अंगाने गुळगुळीत लागते आणि दुसऱ्या अंगाने दगा देते.

आमच्या एका खोतांचा तर नखावरही भरवसा नव्हता. खुर्चीत बसण्याआधी ते माझ्या डाव्या हातावर वस्तरा चालवायला लावायचे. केस सपकन उडाले तरच मान टेकवायचे. त्यामुळे ते जिवंत होते तोपर्यंत माझा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत लहान मुलासारखा गुळगुळीत होता. ते गेल्यावर हातावर लव उगवली आणि शेजारच्या दुकानदाराने विचारलं, "काय रे, सुतक धरलंस?"

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे विजयदुर्गचे इब्राहिमचाचा. गलबतावर तांडेल होते, आखातापर्यंत जायचे आणि महिनोन्‌महिन्यांची दाढी घेऊन बंदरात उतरायचे. मिठाने भरलेली दाढी म्हणजे वस्तऱ्याचा शत्रू. मी आधी गरम पाण्याच्या फडक्याने त्यांचं तोंड गुंडाळून ठेवायचो आणि ते फडक्यातून बोलत राहायचे, त्यामुळे बसऱ्याच्या अर्ध्या हकिगती मला कधी कळल्याच नाहीत. एका खेपेला त्यांनी रुमालात गुंडाळलेली वस्तू माझ्या हातावर ठेवली. फिकट पिवळी पथरी, साबणासारखी मऊ. बसऱ्याच्या न्हाव्याने दिली म्हणाले, आणि त्याचा निरोप असा होता, की हिला फक्त पाणी दाखवायचं. तेल लागलं तर दगड गेला.

त्या पथरीवर पाणी टाकून वस्तरा फिरवला की दुधासारखं पाणी सुटायचं, ते हळूहळू राखाडी व्हायचं आणि त्या राखाडी पाण्यातून अशी धार निघायची की खोतांनीसुद्धा एकदा माझा हात सोडून सरळ मान टेकवली. मी तिला दुकानातल्या लाकडी पेटीत ठेवायचो. तिच्यावरून मी जरा फुगलोच होतो. गावात दुसरं दुकान होतं, पण बसऱ्याची पथरी माझ्याकडे होती.

आता या गोष्टीत आमची मंडळी येते. इंदू. पिंगुळीच्या पलीकडच्या गावची, न्हाव्याचीच मुलगी. लग्नानंतरची पहिली दिवाळी सासुरवाडीत झाली, ही दुसरी, आमच्या घरची. दुकानाच्या मागेच आमचं घर, पण बायकांनी दुकानात यायची तेव्हा रीत नव्हती. त्यामुळे मी पुढे काय करतो, कशावर करतो, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. दिवाळीला दुकान बंद. हत्यारांची पेटी मी घरात आणून देवाजवळ ठेवली.

नरकचतुर्दशीला पहाटे मला तेल लावून झालं, न्हाऊ घालून झालं. मी पायाखाली कारीट फोडलं, पोहे खाल्ले, आणि दुपारभर एखाद्या संस्थानिकासारखा झोपलो. पाडव्याला दुकान उघडलं, पेटीतून पथरी काढली, तर ती मधाच्या रंगाची झालेली आणि खोबरेलाचा वास मारणारी. वर पाणी टाकलं. पाणी मोत्यांसारखं ओघळून खाली पडलं.

मी मागच्या दारी गेलो. पथरीला तेल कोणी लावलं, म्हणून विचारलं.

"मीच लावलंय," इंदू म्हणाली. ती तांदूळ निवडत होती, मानही वर केली नाही. "वर्सभर राबता ती. तिका कोण न्हावक घालतलो? रातभर तेलात ठेवलंय, बरी पिली."

"ही पाण्याची पथरी गो."

"पाण्याची पथरी असता काय खंय?" आता तिने मान वर केली. "माझ्या बापाशीची तेलार जगता. दर दिवाळीत आमी तिका पयली आंघोळ घालतंव, मगे माणसांची."

 तिच्या घरचा दगड काळा, कठीण, तेलाचा. त्याला पाणी लागलं तर तो बिघडतो. माझा दगड पिवळा, मऊ, पाण्याचा. त्याला तेल लागलं तर तो बिघडतो. तिने केलं ते न्हाव्याच्या मुलीने करायलाच हवं होतं, फक्त दगड दुसऱ्या घरचा होता. हे सगळं मला आज कळतं. त्या दिवशी मी एवढंच म्हटलं, की दगडाला न्हाऊ घालायची एवढी हौस होती तर पाट्या-वरवंट्याला घालायचं. ती उठून आत गेली आणि दुपारच्या आमटीत मीठ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. भाऊ न्यायला आला आणि ती माहेरी गेली. मी पथरीच्या मागे लागलो. रिठे घालून उकळली. चुलीच्या राखेत पुरून ठेवली. उन्हात ठेवली तेव्हा तिला घाम फुटल्यासारखं तेल वर आलं, मी पुसलं, पुन्हा आलं. वाळूवर घासून वरचा थर काढला, तर आतही तेल. शेवटी ती अर्धी मोकळी झाली आणि अर्धी तशीच राहिली. एका जागी वस्तऱ्याला पकडायची आणि दुसऱ्या जागी तो शेवाळावरून पाय घसरावा तसा घसरायचा. धार यायची तीही अर्धीच. वडिलांची एक जाड्या कणाची पथरी होती, पण तिच्यावर खाचा निघायच्या, शेवटची मऊ धार यायची नाही. त्या दिवसांत एका भल्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतून दाढी करताना पाणी वाहायला लागलं. मी विचारलं तर म्हणाले, कुठून तरी धूर येतोय.

अशा वेळी शांताराम आला.

शांताराम दशावतारात स्त्रीपार्टी होता. परगावच्या वाचकांसाठी सांगतो: आमच्याकडे तुळशीची लग्नं लागली की गावोगावच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात, आणि जत्रेत रात्रभर दशावतार. पुरुषच लुगडं नेसतात, राण्या होतात. लिहिलेलं नाटक नसतं, उभं राहून सुचेल ते बोलायचं. शांताराम राणी झाला की बाया त्याच्या चुड्याकडे बघत आणि पुरुष नको तिकडे बघत. लुगड्याचा पदर कसा घ्यावा हे आमच्या गावच्या दोन-चार सुना त्याच्याकडून शिकल्या असतील. जत्रांच्या दिवसांत लोक त्याला शांता म्हणायचे आणि पावसाळ्यात, नांगर धरायला लागला की, पुन्हा शांताराम. त्याच्या दाढ्या मीच करायचो.

त्या दिवशी तो खुर्चीत बसला, पण टॉवेल बांधू देईना. आरशात स्वतःच्या हनुवटीकडे बघत राहिला. गोरा माणूस, आणि चाळिशीकडे झुकल्यावर दाढी अशी दाट झाली होती, की दुपारी केली तरी गालावर हिरवट सावली राहायची.

"मालक काय म्हणता म्हायत आसा?" तो म्हणाला. "म्हणता, शांता, रात्री तू राणी आसंस, पण सकाळी राणीक दाडी येता."

मालक म्हणजे त्यांच्या कंपनीचे मालक. स्वतः पेटी वाजवायचे. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दशावतार उजाडेपर्यंत चालतो. संध्याकाळी केलेली दाढी पहाटेपर्यंत तोंडाला फासलेल्या सफेद्याखालून डोकं वर काढते. गॅसबत्तीच्या उजेडात चालून जातं, पण शेवटचा प्रवेश उजाडताना असतो. मालकांनी सांगून टाकलं होतं, की पहिल्या जत्रेला बघणार. उजाडताना गालावर सावली दिसली, तर दुसऱ्या जत्रेपासून लुगडं कंपनीतल्या नव्या पोराला, आणि शांतारामला राजाचा पार्ट.

मी म्हटलं, राजा म्हणजे बढतीच की.

"बढती खंयची रे मेल्या," तो म्हणाला. "बसूक, उठूक, रडूक, सगळां मी बाईचा शिकलंय. आता ह्या वयात पुरुष कसो होतलंय?"

मी हसलो. तो हसला नाही. मग मीही थांबलो.

त्याला हवी होती ती दाढी सोपी नव्हती. पहिला हात केसांच्या ओढीने, दुसरा उलटा, मुळापर्यंत. पण फार खोल गेलं की केस कातडीखाली वळतो आणि पुटकुळी येते, आणि जत्रा काही एक नसते. रोज रात्री रंग लागणार, रोज दाढी. एखादा ओरखडा निघाला तर सफेदा तिथे आग आग करतो, डोळ्यांना पाणी येतं आणि काजळ उतरतं. म्हणजे धार अशी हवी की केस मुळाशी जावा आणि कातडीला कळू नये. बसऱ्याची पथरी शाबूत असती तर मी छाती ठोकून हो म्हटलं असतं. मी तरीही हो म्हटलं. खुर्चीमागे उभं राहून नाही म्हणण्याची मला सवय नव्हती.

इंदू माहेरहून आली ती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली पथरी घेऊन. काळी, जड, तेलाने तुकतुकीत. सासऱ्यांना मोतीबिंदू झाला होता. त्यांनी वस्तरा खाली ठेवला होता आणि पथरी मुलीच्या हाती दिली होती. मी ती बघितली आणि फळीवर ठेवून दिली. म्हटलं, राहू दे. माझं मी बघतो. आमच्यात अबोला नव्हता, पण बोलणंही फक्त कामापुरतं होतं. शांतारामचं सगळं मी तिला सांगितलं. तिने ऐकलं आणि फळीकडे बघितलं.

पहिल्या जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी मी दुकान लावून घेतलं आणि चांगल्यातला चांगला वस्तरा अर्ध्या मेलेल्या पथरीवर फिरवत बसलो. पट्टा मारला. नख ओलं करून बघितलं. मध्यावर उडी. पुन्हा लावला. आता टोकाकडे उडी, आणि वर ती बारीक तार. तिसऱ्या खेपेला मी वस्तरा खाली ठेवला आणि दुकानाच्या मागच्या दारातून घरात गेलो. इंदू मागीलदारी पाटावर ती काळी पथरी मांडून बसली होती. बाजूला खोबरेलाची वाटी.

"दिया," ती म्हणाली. वस्तरा म्हणाली नाही, नुसतंच दिया.

आमच्यात बायकांनी वस्तऱ्याला हात लावायचा नसतो. लावला तर धोकटीतली, म्हणजे हत्यारांच्या पिशवीतली, लक्ष्मी जाते म्हणतात. मी तिला हे सांगितलं.

"माझ्या बापाशीची लक्ष्मी मीच सांभाळलंय," ती म्हणाली. "तेंका दिसायचा कमी झाला तेव्हापासून लगीन होयसर वस्तरे मीच लावलंय. ते गिरायकाक सांगत होते काय, रात्री उठान लावलंय म्हणान."

सासऱ्यांची दाढी आसपासच्या गावांत नावाजलेली. मोतीबिंदू होऊनही हात कसा चालतो याचं लोक कौतुक करायचे. दाढी करायला हात लागतो, डोळे कमी लागतात. पण धार लावायला डोळे लागतात असं मी समजत होतो. मी वस्तरा तिच्या हातात दिला.

तिने पथरीवर तेलाचे थेंब टाकले, बोटाने पसरले, वस्तरा झोपवला आणि डोळे मिटले. मला वाटलं देवाचं नाव घेते आहे. पण ती तशीच डोळे मिटून लावत राहिली. मी विचारलं, हे काय.

"डोळे फसयतत. आवाज आयका."

मी बाजूला बसलो आणि ऐकू लागलो. आधी करकर येत होती, गव्हात खडा असावा तशी. मग ती बारीक झाली. मग नुसतं सुळसुळ, रेशमी लुगडं नेसून कोणी शेजारून जावं तसं. कूस बदलताना तेवढा टिकटिक आवाज. मग तोही मऊ झाला. माझ्या पाण्याच्या पथरीवर मला राखाडी पाणी बघायची सवय, कानाने धार लागते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आवाज बंद झाला तेव्हा ती थांबली. वर आणखी एक फेर मारण्याचा मोह मला तर झाला असता. तिने वस्तरा पुसला, पट्टा मारला आणि माझ्यासमोर धरला.

मी नख ओलं केलं. नखाने वस्तऱ्याला धरलं आणि सोडलं, धरलं आणि सोडलं, मुठीपासून टोकापर्यंत एकसारखं. उजेडात धरला. काही दिसलं नाही.

अशा प्रसंगी नवऱ्याने जे म्हणायचं असतं तेच मी म्हटलं. "बरी आसा."

"नुसती बरी?" ती म्हणाली, आणि दिवाळीनंतर पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या दिवशी जत्रेच्या गावी गेलो. दशावतारी मंडळी धर्मशाळेत आडवी झाली होती. शांताराम जागा होता. उन्हं उतरताना त्याला बाहेर पडवीत बसवला, गरम पाण्याने तोंड भिजवलं, साबण चोळला, पुन्हा भिजवलं. पहिला हात सरळ, दुसरा उलटा. हनुवटीखालच्या खळीत, जिथे केस चारी बाजूंनी उगवतात, तिथे कातडी ताणून वस्तरा अगदी सावकाश नेला. एरवी शांताराम दाढी करताना गुणगुणायचा. त्या दिवशी डोळे मिटून वस्तऱ्याकडे लक्ष देत होता. अर्ध्यावर आल्यावर म्हणाला, "ही धार तुझी न्हय."

"मगे कोणाची?"

"तुझी धार बोलता. गालार इली काय सांगता, मी इलंय म्हणान. ही इली आणि गेली, कळलीच नाय."

मी म्हटलं, घरातली आहे. त्याने फेसातून एक डोळा उघडला. "वयनीची?" मी होय म्हटलं.  ताणून धरलेले त्याचे खांदे खाली आले आणि मान अशी सैल पडली, की तिचं सगळं वजन माझ्या हातावर आलं.

रात्रीच्या खेळाचं काय सांगू? राणीला वनवास झाला, राक्षस आले, गेले, संकासुराने लोकांना हसवून लोळवलं. मी खांबाला टेकून बसलो होतो. लोक राणीचं रडणं बघत होते आणि मी राणीची हनुवटी बघत होतो. इंदू शेजारणींबरोबर आली होती, बायकांच्या बाजूला.

कोंबडा आरवला. माडांच्या शेंड्यांमागे पांढरं झालं. त्या वेळी, रोजच्यापेक्षा जरा लवकरच, मालकांनी पेटीवरचा एक हात उचलून गॅसबत्ती उतरवायला सांगितली. कंपनीत सगळ्यांना कळलं कशासाठी. नवा पोर पडद्याच्या कडेला उभा होता, तोही सरळ झाला. एरवी उजाडताना शांताराम मंडपात आत-आत सरकायचा, तोंडावर पदर घ्यायचा. त्या दिवशी तो उलट पुढे आला. जिथे उजेड मंडपाच्या कडेवर पडत होता तिथे येऊन बसला, मालकांच्या पेटीपासून हाताभर अंतरावर. पदर खाली सोडला, हनुवटी वर केली आणि शेवटच्या विलापाचं पद म्हणायला लागला. थेट मालकांकडे बघून.

मालक वाजवत होते आणि बघत होते. डावा गाल बघितला. राणीने पदाच्या ओघात मान वळवली, उजवा गाल बघितला. सफेदा ठिकठिकाणी घामाने उतरला होता आणि खालून जी कातडी दिसत होती ती गोरी आणि गुळगुळीत होती, जरा लाल, रात्रभर रडलेल्या बाईची असते तशी. पेटीचा एक सूर होता तिथेच लांबत राहिला. मृदंगवाल्याने मान वळवून बघितलं, काय झालं म्हणून.

पद संपलं. मालक पेटीचा भाता मिटत म्हणाले, पुढे बसलेल्यांना ऐकू जाईल एवढ्याने, "शांता, तुझां लुगडां जुना झाला गो. फुडल्या जत्रेक नवां घेवया."

शांतारामने हात जोडले. बाईसारखे, कपाळाला लावून. मग खेळाच्या शेवटची दहीहंडी फुटली, लोक उठले, प्रसादाला गर्दी झाली, आणि मला वाटलं संपलं. पण शांताराम लुगडं सावरत, चुडा वाजवत सरळ बायकांच्या घोळक्यात शिरला.

"आमच्या न्हाव्याची इंदू खंयची गो?" त्याने विचारलं. बायकांनी तिला पुढे ढकललं. ती पदर तोंडाशी धरून उभी. शांतारामने तिचा हात धरला आणि तळवा आपल्या गालावर ठेवला. "बघ. रातभर कोणी बघलां नाय तितक्या जवळसून तू बघ. ही तुझी धार."

एखाद्या पुरुषाने परक्या बाईचा हात असा भर जत्रेत धरला असता तर डोकी फुटली असती. पण हात धरणारी राणी होती. बायका हसल्या. एक म्हातारी म्हणाली, माका पण बघूंदे, आणि तिने दुसरा गाल चाचपला. मग तिसरी आली. राणी गाल पुढे करून उभी, आणि बायका एकामागून एक माझ्या दाढीची परीक्षा घेताहेत, आणि प्रत्येकीला सांगितलं जातंय की धार न्हाव्याची नव्हे, न्हाविणीची. मी प्रसाद न घेताच निघालो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर पहिलं गिऱ्हाईक दारातच. ज्यांना धूर लागला होता तेच. मी दाढी केली. त्यांनी गालावरून हात फिरवला, दोनदा फिरवला आणि विचारलं, "आजची धार वयनीची मां?"

ती माझी होती. सासऱ्यांच्या पथरीवर, डोळे मिटून, मी स्वतः लावलेली. पण मी म्हटलं, "होय."

"तरीच," ते म्हणाले.

तेव्हापासून सगळ्या धारा वयनीच्या झाल्या. इंदूने लावलेल्याही आणि मी लावलेल्याही. धोकटीतली लक्ष्मी गेली नाही, उलट दुसऱ्या दुकानाची गिऱ्हाइकं माझ्याकडे वळली. बसऱ्याची पथरीही इंदूने सोडली नाही. पाण्याला ती परत आली नाही, म्हणून हळूहळू तेलावर घेतली. हट्टी होती, पण नांदली. इब्राहिमचाचांना सांगायचं धाडस मात्र मला झालं नाही. ते आले की मी पथरी फळीमागे सारायचो आणि फडकं जरा जास्त वेळ त्यांच्या तोंडावर ठेवायचो.

पुढे पाकिटातली ब्लेडं आली. माणसं घरी, विहिरीवर, आरसा माडाला टांगून दाढ्या करायला लागली. गालाला काही लागलं तर ब्लेड फेकायचं, दुसरं काढायचं. त्यात वाईट काही नाही. एवढंच, की त्यात ऐकण्यासारखं काही नसतं.

शांताराम त्यानंतर कितीतरी जत्रा राणी झाला. दर वर्षी तुळशीची लग्नं लागली की इंदू मागीलदारी पाट मांडायची आणि मी लावलेला वस्तरा ती बाजूला ठेवायची, म्हणायची, शांतारामभावजींचो मी लावतंय. त्याच्या कानशिलाला पांढरं दिसायला लागलं तरी मालकांनी गॅसबत्ती पुन्हा लवकर उतरवायला सांगितली नाही. नवा पोर वाट बघून बघून दुसऱ्या कंपनीत गेला, मग तिथून परत आला.

एका वर्षी, अशाच पहिल्या जत्रेच्या दिवशी, शांताराम दुकानातच आला. मी तोंड भिजवलं, साबण लावला, वस्तरा पट्ट्यावर मारला. त्याने माझं मनगट धरलं.

"वरचो ओठ सोड," तो म्हणाला.

मला कळलं नाही. मग कळलं: राणीला मिशी नसते, राजाला असते. मी मागच्या दाराकडे बघितलं. इंदू दाराआड उभी होती, तिने ऐकलं होतं.

"मालक म्हणाले?" मी विचारलं.

"मालक काय म्हणतले? मीच म्हणतंय." त्याने आरशात बघून फेसाळ ओठ जरा वर उचलला. "आजपासून लुगडां त्या पोराक. मी दाखयतलंय तेका, नेसूचा कसा तां."

इतक्या वर्षांत त्या चेहऱ्यावर माझा वस्तरा कानापासून निघायचा तो दुसऱ्या कानापर्यंत जायचा, कुठेही न थांबता. त्या दिवशी गाल झाला, हनुवटी झाली, आणि मी वस्तरा हातात धरून त्याच्या ओठाजवळ उभा राहिलो. थांबायचं नेमकं कुठे, ते मला शोधावं लागलं.